तळहातावरचं तीर्थ

(बोईसर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते आम्हाला भूगोल शिकवायचे. नकाशा भिंतीला अडकवण्याआधी ते एखाद्या मुलाला उभं करत आणि विचारत, "सकाळी पाणी पिऊन आलास? कुठलं?" कुणी विहिरीचं म्हणे, कुणी बोअरचं, कुणी नळाचं. नळाचं म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न यायचा, "नळात कुठून आलं?" तिथे आमची दांडी गुल व्हायची. आजचं व्याख्यान म्हणजे त्या दुसऱ्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे, असं समजा.

विषय वसईचा आहे. एका बाजूला तुंगारेश्वरचं अभयारण्य, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये केळी-पानवेलींच्या वाड्यांत उभी असलेली चारशे-साडेचारशे वर्षांची ख्रिस्ती तीर्थभूमी. बोईसरात बसून वसईची चर्चा कशाला, असं तुमच्यापैकी कुणाच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. माझ्याकडे त्याची दोन कारणं आहेत. विजेवरची लोकल विरारला पोचली १९३६ साली. तीच लोकल आपल्या बोईसरावरून डहाणूपर्यंत गेली १६ एप्रिल २०१३ रोजी. मधली सत्त्याहत्तर वर्षं म्हणजे आपल्याला मिळालेली सवलत आहे. लोकलबरोबर काय काय येतं ते वसईने आधी पाहिलं, आपल्याला ते तिच्याकडे बघून शिकता येईल. दुसरं कारण सूर्या नदीचं. तिच्यावरच्या धामणी धरणातलं पाणी आज पाइपातून वसई-विरारला जातं. वसईला आपलं पाणी का लागलं, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आधी भूगोल. पूर्वेकडून पश्चिमेकडे चालत निघू. पहिल्यांदा लागतो तुंगारचा डोंगर. साग, ऐन, बांबू, पावसात फुटणारे ओहोळ, आणि बिबट्या. २००३ साली हे ८५ चौरस किलोमीटरहून अधिक जंगल अभयारण्य म्हणून जाहीर झालं. दक्षिणेला बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि ईशान्येला तानसा, यांना जोडणारा हा दुवा आहे. डोंगर उतरलं की महामार्ग, मग रेल्वे, आणि दोहोंच्या आजूबाजूला नालासोपारा-विरारच्या इमारती. त्यांच्या पलीकडे, रुळांच्या पश्चिमेला जमीन सपाट आणि रेताड होते. आगाशी, नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, गास, सांडोर, रमेदी, पापडी अशी गावं एकमेकांना चिकटून लागतात. नारळ-पोफळी, केळी, पानवेल, मोगरा, सोनचाफा, भाजीचे वाफे. आणि दर दीड-दोन मैलांवर झाडांच्या वर डोकावणारं चर्चचं शिखर. मग सुरूची बनं, वाळू आणि समुद्र.

यातला डोंगर कायद्याने राखलेला आहे. वसईचा किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे. आणि ज्या हिरव्या पट्ट्यासाठी वसई ओळखली जाते, त्याला राखणारं कोण? हा माझा आजचा प्रश्न आहे.

ही भूमी पवित्र कधीपासून? ख्रिस्ती वसईच्या कितीतरी आधीपासून. शेजारचं सोपारा हे प्राचीन बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तिथे सापडला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये मिळाला तो भुईगावात, आज जे ख्रिस्ती वस्तीचं गाव म्हणून ओळखलं जातं तिथे. निर्मळला तळं आहे, शंकराचार्यांची समाधी आहे, परशुराम आणि विमलासुराची कथा आहे, आणि त्याच गावात होली क्रॉसचं चर्च आहे. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची जत्रा भरते. तिथे पूर्वापार विकायला येते ती सुकेळी, म्हणजे वसईच्या राजेळी केळ्यांची उन्हात वाळवून केलेली, मधासारखी चिकट मिठाई. देव शंकराचार्यांचा, आणि सुकेळी अनेकदा ख्रिस्ती वाडीतल्या केळीची. जत्रेला याचं कधी नवल वाटलं नाही.

२३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांच्यामागून फ्रान्सिस्कन आले, जेज्वीट आले, डॉमिनिकन आले. त्या काळात देवळं पडली, लोकांचे धर्म बदलले. ते सगळं राजीखुशीने झालं असं म्हणणं खोटेपणाचं होईल, आणि आजच्या वसईकर ख्रिस्ती माणसाला त्याचा जाब विचारणं अन्यायाचं. बदललं नाही ते काम. सामवेदी ब्राह्मणांतून ख्रिस्ती झालेले कुपारी, वाडवळ, कोळी, सगळे आपापल्या वाडीत आणि होडीवर राहिले. कुपारी घरात आपली कादोडी बोली बोलत राहिले. 'कुपारी' हा शब्द पोर्तुगीज 'कोंपाद्रे'वरून आला असं सांगतात, पण भाषेचा सांगाडा आपल्याच मुलखाचा. इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी १६९५ साली वसईत आला होता. किल्ल्याच्या भिंतीबाहेर मैलोगणती पसरलेल्या बागा, फळझाडं, ऊस आणि ते शिंपणारी यंत्रं यांचं त्याने वर्णन करून ठेवलं आहे. ही यंत्रं लक्षात ठेवा, त्यांच्याकडे मला परत यायचं आहे.

या मातीतून एक संत झाला. गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथली. जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यात, वसईचा. जेज्वीटांबरोबर जपानला गेला, जपानी भाषा शिकला, काही काळ व्यापार केला, मग मॅनिलात फ्रान्सिस्कन झाला. १५९३ मध्ये फिलिपिन्सहून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकिलात गेली, तिचा दुभाष्या हाच. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला आणखी पंचवीस जणांबरोबर त्याला क्रुसावर दिलं. १८६२ साली पोपनी त्याला संत म्हणून जाहीर केलं. गासच्या चर्चला त्याचं नाव आहे. मला त्याच्या सणाची रीत फार आवडते. वसईत तो नाताळानंतरच्या पहिल्या पौर्णिमेजवळच्या रविवारी करतात. कॅथलिक संताचा सण, आणि ठरतो चंद्रावर! आमच्या वाडवळ आजोळी म्हणायचे, पंचांग शेतकऱ्याचं असतं, भटजी नुसतं वाचून दाखवतो.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्याच मोहिमेत, जानेवारीत, आपल्या तारापूरच्या तटाखाली मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर पडले, हे इथल्या मुलांना सांगायला हवं. किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा ही त्यांतलीच एक. पण तहाच्या कलमांत काही चर्च ख्रिस्ती रयतेसाठी राखायचं ठरलं होतं. किल्ल्यातली वसई ओस पडली, वड-पिंपळांनी भिंती फोडल्या. बाहेरची, वाड्यांतली वसई मात्र मिस्सा ऐकत आणि रहाट हाकत राहिली. घंटा गेल्या तरी तीर्थ गेलं नाही.

का गेलं नाही? याचं उत्तर मला 'तीर्थ' या शब्दातच सापडतं. तीर्थ म्हणजे मुळात नदीचा उतार, पाण्यातून पलीकडे जायची जागा. पुढे तो शब्द देवस्थानाला लागला. आणि आपल्या घरात? पूजा झाली की आई म्हणते, "तीर्थ घे." आपण उजवा तळहात वाटीसारखा करतो. तीर्थ म्हणजे पाणी. ख्रिस्ती माणसाचा धर्मप्रवेशही डोक्यावर पाणी घेऊनच होतो. निर्मळचं तळं, तुंगारावरचं परशुराम कुंड, चर्चच्या आवारातली विहीर. वसईच्या पावित्र्याची प्रत्येक जागा गोड्या पाण्याशेजारी आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना इथे गोडं पाणी असणं हाच मुळात चमत्कार. आणि त्याची कृती माणसांनी शोधून काढली होती.

त्या कृतीचं नाव बावखल. आपल्याकडे केळवे-माहीमच्या वाड्यांत फिरलेल्यांना ही जमीन ठाऊक आहे. वसईच्या घरा-वाड्यांमधून खोदलेली ही तळी, काही एका घराची, काही सामाईक. पावसाळ्यात तुडुंब भरतात, आणि मग महिनोन्‌महिने ते पाणी रेताड मातीत मुरत राहतं. म्हशी डुंबतात, कपडे धुतात, मुलं गळ टाकून बसतात. सगळी कामं बिनकामाची दिसतात, पण खाली एक मोठं काम चाललेलं असतं.

समुद्राच्या पाण्यापेक्षा गोडं पाणी हलकं. किनाऱ्याच्या जमिनीखाली ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं, दुधावर साय धरावी तसं. सव्वाशे वर्षांपूर्वी एका डच आणि एका जर्मन अभियंत्याने स्वतंत्रपणे याचं गणित मांडलं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असेल, तर सपाटीखाली ढोबळमानाने ४० फूट गोडं पाणी मिळतं. हे सुखाचं गणित आहे, पण उलटं वाचलं की घाम फुटतो. वरची पातळी १ फूट खाली ओढलीत, तर खालून खारं पाणी ४० फूट वर चढायला मोकळं. बावखल वरचा तो एक फूट राखत होतं. कुणी सूत्र पाठ केलं नव्हतं. मे महिन्यात विहिरीचं पाणी जिभेवर ठेवून म्हातारी माणसं सांगत, की यंदा उपसा जपून करा.

आता कारेरीने पाहिलेल्या यंत्राकडे येऊ. माझ्या समजुतीने तो रहाट. लाकडी चाक, त्यावर मातीच्या लोट्यांची माळ, डोळ्यांवर झापड बांधलेला बैल गोल फिरतो आहे, लोटे भरून वर येतात, पन्हळीत ओततात, तिथून पाटाने वाफ्यांत. रहाटाचा आवाज लांबून ऐकू यायचा, लाकूड कण्हतं तसा. शिकलेली माणसं त्याला मागासलेपण म्हणत. पण रहाटाला एक मर्यादा होती आणि ती मर्यादाच त्याचा गुण होता. बैल दमतो. बैल दमला की विहीर विसावा घेते. लोटे वरचंच पाणी उचलतात. पंप दमत नाही. तो खोल बुडवतात, रात्रभर चालवतात, आणि विहिरीच्या तळाशी दबा धरून बसलेलं खारं पाणी शंकूसारखं वर उठतं. एकदा खारावलेली विहीर गोडी व्हायला किती पावसाळे लागतील, हे सांगणं कठीण. पानवेलीला ते आधी कळतं. तिची पानं कडेने करपतात.

मग लोकलमागून इमारती आल्या. इमारतींना पाणी हवं, बांधकामाला हवं, आणि ते वाड्यांतल्या विहिरींतून टँकरने निघू लागलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित पट्ट्यावरचे निर्बंध सैल करण्याच्या हालचाली झाल्या. १९९० मध्ये सिडको नियोजनासाठी आली. याच काळात हरित वसई संरक्षण समितीची चळवळ उभी राहिली आणि तिच्या पुढे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. नंदाखालचा शेतकरी घरातला मुलगा, 'सुवार्ता' मासिकाचा दीर्घकाळचा संपादक. पुढे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आणि २५ जुलै २०२४ रोजी आपल्याला सोडून गेले.

एका धर्मगुरूने टँकर आणि बांधकाम यांच्याविरुद्ध रस्त्यावर का यावं, असं त्यांना विचारणारे तेव्हा पुष्कळ होते. मला वाटतं, ज्यांच्या घरी पाण्याचा धर्म कळतो त्यांना हा प्रश्न पडू नये. विहीर खारावली तर वाडी जाते. वाडी गेली की माणूस प्लॉट विकतो. प्लॉट विकलेला माणूस नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये किंवा परदेशी जातो. चर्चची इमारत रंग देऊन उभी राहील, सणाला गाड्या भरून लोक येतील, पण तिथे राहून प्रार्थना करणारं गाव उरणार नाही. या चळवळीत हिंदू वाडीवालेही होते, कारण खारं पाणी वाडीत शिरताना जात-धर्म बघत नाही.

चळवळीने बरंच थोपवलं, सगळं थोपवता आलं नाही. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. कितीतरी बावखलं राडारोडा टाकून बुजवली गेली. पाणथळी बुजवल्या, नैसर्गिक नाले अरुंद झाले. आणि जुलै २०१८ मध्ये वसई-विरार दिवसेंदिवस पाण्यात उभं राहिलं, नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, मिठागरातली वस्ती अडकून पडली. मुरायला जागा नसलेलं पाणी घरात आलं. पावसाळ्यात नको एवढं पाणी आणि उन्हाळ्यात तहान, अशी गत. या तहानेवरचा उपाय म्हणजे आपली सूर्या. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (एमएमआरडीए) सूर्या योजनेची क्षमता दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर. त्यातलं १८५ वसई-विरारला आणि २१८ मिरा-भाईंदरला. मूळ धरण बांधलं गेलं ते पालघर-डहाणूच्या शेताला पाणी मिळावं म्हणून. वसईकराची तहान खोटी नाही, हे मी ठासून सांगतो. पण तिथलं प्रत्येक बुजलेलं बावखल धामणीच्या आदिवासी शेतकऱ्याच्या पाटावर उधारी मांडत असतं.

आता संरक्षणाचं बोलू. जगभरच्या संरक्षित प्रदेशांचे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने सहा वर्ग केले आहेत. त्यातला पाचवा वर्ग 'संरक्षित भूदृश्य' हा आहे, म्हणजे माणूस आणि निसर्ग यांच्या शेकडो वर्षांच्या व्यवहारातून घडलेला प्रदेश. आपल्या वन्यजीव कायद्यात राष्ट्रीय उद्यान आहे, अभयारण्य आहे, २००२ च्या दुरुस्तीनंतर संवर्धन राखीव आणि समुदाय राखीव क्षेत्रही आहे. पण केळीच्या वाडीला, बावखलाला आणि चर्चच्या वाटेला एकत्र कवेत घेणारा शब्द तिथे नाही. स्पेनने १९१८ साली आपलं पहिलं राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं ते कोवादोंगाला. तिथे गुहेत मरियामातेचं तीर्थक्षेत्र आहे आणि गुहेखालून झरा कोसळतो. डोंगर, पाणी आणि माउली, तिन्हींना एकाच नावाखाली घेणं अवघड नाही, एवढंच सांगायचं आहे.

आपल्याकडे वाटा अगदीच बंद नाहीत. जैवविविधता कायद्यात वारसा स्थळ जाहीर करण्याची सोय आहे. २०२१ साली सिंधुदुर्गातल्या बांबर्डे-हेवाळे इथल्या देवराईतली, रानजायफळाच्या दलदलीची जागा तसं वारसा स्थळ झाली. जागा अडीच हेक्टरच्या आसपास, पण ती टिकली लोकांनी देवाची मानली म्हणून. कायदा मागाहून आला. उलट तुंगारेश्वरला २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने अभयारण्यातल्या एका आश्रमाचं बांधकाम हटवावं लागलं. भक्तांना ते फार लागलं. दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवून बघा. बांबर्ड्याला श्रद्धेने जागेला हात लावला नाही, तुंगारावर श्रद्धेने तिथे बांधलं. निसर्ग राखणारी श्रद्धा कोणती, ते ओळखायला मला तरी एवढी एकच खूण पुरते: तिथल्या पाण्याला ती कशी वागवते.

आपल्या जिल्ह्यात डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर आहे. त्याची राखण करणाऱ्या प्राधिकरणाचं अध्यक्षपद न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींनी दोन दशकं सांभाळलं. त्यामुळे डहाणू-घोलवडचे चिकू उरले. तारापूर-बोईसरला अशी ढाल मिळाली नाही. आपण कारखाने घेतले, अणुवीज घेतली, रोजगारही घेतला आणि त्याची किंमत नाल्यांच्या रंगात मोजतो आहोत. वसईकडे मी बोट दाखवतो तेव्हा उरलेली बोटं आपल्याकडे वळलेली आहेत, हे मला कळतं.

म्हणून मागणी मोठी करत नाही. वसईत तरुण मंडळी बावखलं मोजत आहेत, गाळ काढत आहेत. त्यांचं बघून आपण पालघर, केळवे, माहीम, चिंचणी, तारापूर इथल्या विहिरी आणि तळ्यांची यादी करावी. कुठल्या महिन्यात पाणी गोडं, कुठल्या महिन्यात मचूळ, एवढं वहीत लिहावं. शाळेतल्या मुलांना हे काम द्यावं. ग्रामसभेत ती यादी ठरावाला जोडावी, म्हणजे उद्या एखादं तळं बुजवायला डंपर आला तर निदान त्याचं नाव कागदावर असेल. नाव नसलेली गोष्ट बुजवणं फार सोपं असतं.

गेल्या मे महिन्यात भुईगावच्या एका ओळखीच्या घरी गेलो होतो. घरच्या आजी ऐंशी ओलांडलेल्या, अंगणात मरियामातेचा छोटा देव्हारा, त्याला मोगऱ्याची माळ. मी पाणी मागितलं. त्यांनी आधी कळशीतलं थोडं आपल्या तळहातावर घेतलं, ओठांना लावलं, क्षणभर थांबल्या आणि मग मला पेला भरून दिला. मी विचारलं, "चाखून का बघता?" त्या म्हणाल्या, "पाहुण्याला खारं जाऊ नये."

सरांच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून नेमकं उत्तर नाही.